रुंद पडद्यावरची गोल घड्याळं

भांडण ऐकायचं नाही म्हटलं तरी आमच्या दोन घरांमधली भिंत ऐकवायचीच. पलीकडे चमचा पडला तर अलीकडे आम्ही खाली वाकून शोधायचो, इतकी ती पातळ. त्या सकाळी मी नळाखाली पातेली घासत होते आणि पलीकडे माझे धाकटे दीर चक्क ओरडत होते. भाऊजींचा आवाज तीस वर्षांत घड्याळाच्या टिकटिकीच्या वर चढलेला मी ऐकला नव्हता.

"विमानतळाच्या दारातून परत फिरलीस! अगं, ते काचेचं दार आपोआप उघडलं होतं तुझ्यासाठी!"

"उघडलं म्हणून काय आत शिरलंच पाहिजे?" हा माझ्या जावेचा आवाज. तिला घरात सगळे धाकटीच म्हणतात.

"लेकीचं लग्न होतं!"

"मग तुम्ही जायचं होतं. मी काय तुमचा सदरा धरून ठेवला होता?"

"एकटा जाऊन काय सांगू तिथे? आई पायपुसण्यापर्यंत आली होती, म्हणून?"

मी नळ बारीक केला. पातेली तशीही घासून झाली होती.

मग धाकटी जरा हळू बोलली, पण भिंत इमानी होती. "मला पडायची भीती नाही हो. मला समोरचं दिसत नाही, त्याची भीती आहे. पट्टा बांधून बसवायचं, समोर दुसऱ्याच्या खुर्चीची पाठ, आणि पुढे काय आलंय ते कोणीतरी बघत असेल म्हणून आपण गप्प राहायचं. माझ्याच्यानं नाही व्हायचं. मेले तरी नाही बसणार."

"मेल्यावर कोण तिकीट काढतंय तुझं!" भाऊजी म्हणाले आणि दुकानाला निघून गेले.

पुढचे तीन दिवस दोघांचं बोलणं माझ्यामार्फत चाललं. दोघं एकाच खोलीत बसलेले आणि भाऊजी मला हाक मारून सांगायचे, "वहिनी, तिला सांगा, चहात साखर विसरली." धाकटी म्हणायची, "ताई, त्यांना सांगा, विसरले नाही." चौथ्या दिवशी मला कंटाळा आला. मी म्हटलं, आता पगार द्या नाहीतर आपापलं बोला. मग बोलायला लागले.

धाकटीचं म्हणणं अगदीच वेड्यासारखं नव्हतं, हे मला तेव्हाही वाटायचं. बसमध्येसुद्धा ती ड्रायव्हरच्या मागची पहिली जागा मिळाल्याशिवाय चढत नसे. दोन बस सोडून देईल, पण मागे बसायची नाही. आणि बसली की झालंच. "दादा, सायकल." "दादा, म्हातारं माणूस उतरतंय." "दादा, तो ट्रक आपल्याला बघत नाहीये." एका ड्रायव्हरने तिला विचारलं होतं, "काकू, मी घरी जाऊन झोपू का?" तर ही म्हणते, "झोपा, पण ब्रेकवरचा पाय काढू नका."

आणि भाऊजी नेमके उलटे. त्यांना दूरचं दिसायचंच नाही. म्हणजे डोळे चांगले होते, पण सवय वीतभराची. घड्याळ दुरुस्तीचं दुकान, एक टेबल, एक स्टूल, मागे काचेचं कपाट. गिऱ्हाईक आलं तर उभ्यानेच बोलणार, कारण दुसरं स्टूल ठेवायला जागाच नाही. डोळ्याला भिंग लावून ते मनगटी घड्याळाच्या पोटात शिरले की बाहेर दंगल झाली तरी त्यांना कळलं नसतं. एकदा शेजारच्या दुकानाला आग लागून बंब येऊन विझवून गेला, आणि भाऊजींनी संध्याकाळी विचारलं, आज धूर कसला येतोय? रस्त्यात मी समोरून आले तर मला ओळखायचे नाहीत, माझ्या मनगटावरचं घड्याळ ओळखायचे. "वहिनी, तीन मिनिटं मागे आहात," म्हणून मग नमस्कार.

दुरुस्त झालेलं घड्याळ म्हाताऱ्या गिऱ्हाइकांना ते स्वतः घरी नेऊन द्यायचे. हातात बांधायचे, मिनिटभर थांबून बघायचे, मगच पायरी उतरायचे. कोणी म्हटलं, पाठवून द्या ना कोणाबरोबर, तर म्हणायचे, "आणि मनगटावर गेल्यावर थांबलं म्हणजे?"

तर अशा माणसाने मनावर घेतलं की बायकोला विमानातून समोरचं दाखवायचं. आधी ते तिकिटं विकणाऱ्या कचेरीत जाऊन विचारून आले, प्रवाशांना पुढे बसून बघता येईल का? तिथली मुलगी इतकी हसली म्हणे, की तिने यांना पाणी दिलं आणि स्वतःच पिऊन टाकलं. मग दुकानाशेजारच्या कॉम्प्युटरवाल्याने त्यांना एक खेळ दाखवला. खेळ कसला, अख्खं विमानच. आपण पायलटच्या खुर्चीत बसलोय, समोर काच, काचेपलीकडे धावपट्टी, आणि काचेखाली या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसती घड्याळं. उंचीचं घड्याळ, वेगाचं घड्याळ, दिशेचं घड्याळ.

त्या दिवशी भाऊजी घरी आले ते चप्पल न काढता माझ्या दारात उभे. "वहिनी, एका भिंतीवर एवढी घड्याळं मी उभ्या जन्मात पाहिली नाहीत. आणि सगळी चालू!"

मी समजले, बायकोचं निमित्त आता मागे पडलं.

लेक परदेशी जाताना तिचा कॉम्प्युटर इथेच सोडून गेली होती. त्यात तो खेळ घातला. पण त्याचा पडदा जुना, चौकोनी, जाडजूड डबा. धाकटीने लांबूनच बघितलं आणि म्हणाली, "ही काच आहे की टपालपेटीची फट? यातून पायलटला दिसतं तरी काय? मी म्हणतच होते." झालं, भाऊजींची दोन महिन्यांची मेहनत एका वाक्यात गेली.

मग रुंद पडदा आला. घरांचे नकाशे काढणाऱ्या एक बाई त्यांच्या गिऱ्हाईक होत्या. त्यांच्या वडिलांचं घड्याळ भाऊजींनी चालू करून दिलं होतं, त्याला पाच घड्याळजी नाही म्हणाले होते. त्यांनी नवा पडदा घेतला आणि जुना हौसेने यांना देऊन टाकला. तो रिक्षात आडवा मावेना. भाऊजी मांडीवर घेऊन बसले तर एक टोक ड्रायव्हरच्या मानेला टोचत होतं. लेकीच्या अभ्यासाच्या टेबलावर ठेवला तर दोन्ही बाजूंनी बाहेर आला. मी म्हटलं, छान आहे, लाइट गेली तर कपडे वाळत घालता येतील.

चालू केला, आणि भाऊजींचा चेहरा पडला.

सगळी घड्याळं अंडी झाली होती. चित्र चौकोनी पडद्याचं, ते ओढून ओढून या रुंद पडद्यावर बसवलेलं. मला त्यात काही बिघडलेलं दिसेना. तबकडी जरा सुखवस्तू झाली होती, एवढंच, आमच्यासारखी. पण भाऊजी खिशातून कंपास काढून पडद्यावर मोजायला लागले. "बघा, काटा बारावर आहे तेव्हा एवढा. तीनवर येईपर्यंत लांबतो. सहावर परत आखूड. असा काटा असतो का? काटा आहे की गोगलगाय?" जेवणावर लक्ष नाही, दुकानात लक्ष नाही. धाकटी म्हणाली, "ताई, लेकीला गोवर आला होता तेव्हासुद्धा यांनी असं तोंड केलं नव्हतं."

कॉम्प्युटरवाल्याला बोलावलं. त्याने एक खूण केली, घड्याळं गोल झाली. भाऊजींनी कंपास लावला आणि सुटकेचा श्वास सोडला. पण दोन मिनिटांनी म्हणतात, "उंचीचं घड्याळ कुठे गेलं?" ते अर्धं पडद्याच्या खाली गेलं होतं. कॉम्प्युटरवाला म्हणाला, "काका, रुंदी भरायची आणि गोल पण ठेवायचं, तर चित्र मोठं होतं, मग वरचं-खालचं कापलं जाणारच. नाहीतर खेळातला तुमचा डोळा मागे न्यावा लागेल, म्हणजे सगळं जरा लांबून बघायचं."

"मग न्या."

त्याने नेला. डोळा मागे गेला तशी सगळी घड्याळं वर आली, गोल आली, पुरी आली. काचेबाहेर धावपट्टी, शेतं, डोंगर, डावीकडे-उजवीकडे ऐसपैस. दाखवायला अगदी असंच हवं होतं. फक्त घड्याळं आता बायकांच्या मनगटी घड्याळाएवढी झाली होती. दुसऱ्या कोणी म्हटलं असतं, बारीक आहे, वाचता येत नाही. भाऊजींनी भिंग काढून डोळ्याला लावलं आणि पडद्याला नाक टेकून बसले.

आता सांगा, पडद्याला नाक टेकून उंचीचा काटा बघणाऱ्या माणसाला समोरचा डोंगर कसा दिसणार?

पहिल्या रविवारी दुपारी अकरा विमानं पडली. मी मोजली, कारण प्रत्येक वेळी धाडकन आवाज यायचा आणि भिंतीपलीकडून संवाद यायचा.

"पडलं वाटतं?" धाकटी स्वयंपाकघरातून.

"नाही, उतरलं."

"कशावर?"

"काटे सगळे बरोबर होते," भाऊजी म्हणायचे.

बायकोला धीर द्यायला आणलेल्या यंत्रात नवरा पुन्हा पुन्हा मरत होता. मी भाऊजींना बाजूला घेऊन म्हटलंसुद्धा, हे काय चाललंय, तिला विमानात बसवायचंय की घाबरवायचंय? ते म्हणाले, "वहिनी, काटे जमले की सगळं जमतं." त्यांचा आयुष्यभराचा धंदाच तो. घड्याळाला बाहेर बघावं लागत नाही.

बाराव्या वेळी धाकटी वाळलेले कपडे घेऊन त्या खोलीतून जात होती. मीही होते, मी तिच्याकडून माझा टॉवेल परत न्यायला आले होते. पडद्यावर झाडांची रांग भराभर मोठी होत होती. भाऊजी भिंग लावून वेग वाचत होते.

"अहो, झाडं!" धाकटी किंचाळली.

भाऊजींनी मान वर केली नाही. विचारलं, "किती लांब?"

"आपल्या घरापासून पाणपोईपर्यंत. अहो, वर घ्या! वर! हां. अजून. आता डावीकडे, तिकडे रस्ता दिसतोय. तुमचं डावं, माझं नव्हे!"

"दोघांचं डावं एकच असतं."

"मग घ्या ना!"

कपडे जमिनीवर, धाकटी उजवीकडच्या खुर्चीत. ती बाहेरचं सांगायला लागली, ते आतलं. "उंची आठशे." "पट्टी नाकासमोर आहे." "सहाशे." "जरा वाकडे चाललात, बसवाल्याने असं केलं असतं तर मी उतरले असते." "तीनशे." "आली, आली, पट्टी आली, ब्रेक लावा!" "अजून टेकलं नाही." "मग टेकवा!" विमान दोनदा उसळलं, धावपट्टीच्या कडेला गेलं, आणि थांबलं. उभं. अख्खं. मी टाळी वाजवली. धाकटीने कपाळाचा घाम पुसला तो माझ्या टॉवेलला.

तेव्हापासून रोज संध्याकाळी दुकान बंद झालं की यांचं विमान सुटायचं. भाऊजी आत बघणार, धाकटी बाहेर. डोक्यावर ढग, खाली नदी, आणि तिचं सगळ्यावर लक्ष. "ढग डावीकडून येतोय, त्याला जाऊ द्या आधी." मी म्हटलं, चला, ही आता बसणार विमानात.

आणि लेकीचा फोन आला. दिवस गेले होते. पाचवा महिना. बोलता बोलता तिचा आवाज बारीक झाला. "आई, लग्नाला नाही आलीस, मी काही म्हटलं नाही. या वेळी ये गं. मला इथे कोणी नाही."

धाकटी फोन ठेवून टेबलापाशी बसली. भाऊजी आणि मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. मग ती म्हणाली, "मी कशी जाऊ?"

"का? आता तर तुला सगळं येतं."

"तेच तर! इथे मी बघते म्हणून उतरतं. मी खुर्चीत नसताना अकरा पाडलीत तुम्ही. तिथे मी मागे पट्टा बांधून बसणार, आणि पुढे तुमच्यासारखाच कोणीतरी काट्यांना नाक लावून बसला असेल!"

मी कपाळावर हात मारला. पूर्वी तिला नुसती शंका होती, आता पुरावा होता. आणि तो यांनीच वर्षभर खपून, रुंद पडद्यावर, गोल गोल घड्याळांसकट तिच्यापुढे मांडला होता.

भाऊजी समजवायला लागले. "अगं, तिथेही दोघं असतात. एक आत बघतो, एक बाहेर बघतो."

"दोघं? नवरा-बायको असतात?"

"नाही, नवरा-बायको कशाला असतील?"

"मग बरं. एकमेकांचं ऐकत तरी असतील," ती म्हणाली. पण हसली नाही, आणि तिकिटाचं नाव काढू दिलं नाही. महिना गेला. सहावा लागला. लेक फोनवर विचारेना, ते जास्त लागायचं. भाऊजी भिंग हातात घेऊन नुसते बसायचे. मला म्हणाले, "वहिनी, मी घड्याळाचं झाकण उघडलं आणि नीट चाललेला भाग मोडून ठेवला." असं ते पहिल्यांदाच बोलले. या वेळी लेक एकटी राहिली तर या घरात बोलणं कायमचं माझ्यामार्फत होणार, हे मला दिसत होतं, आणि या वेळी पगार मागून ते सुटलं नसतं.

त्यात धाकटीला सर्दी झाली. डोळे इतके वाहत होते की तिला ताटातलं दिसेना, धावपट्टी काय दिसणार. पण विमान नाही म्हणजे संध्याकाळ खायला उठायची. ती नाक पुसत म्हणाली, "ताई, आज माझ्या जागी तुम्ही बसा."

"मी? मला रस्ता ओलांडायला माणूस लागतं!"

"बसा हो, खेळ तर आहे."

मी बसले. धाकटी माझ्या मागे शाल गुंडाळून दुसऱ्या खुर्चीत. आता माझा बांधा काही लपत नाही. मी बसले की त्या खुर्चीमागे बसलेल्या माणसाला पडदा दिसण्याची आशाच नाही. तिच्यासमोर माझी पाठ, आणि माझ्यासमोर आकाश. भाऊजींनी भिंग लावलं. विमान उडालं.

मला तर काही सुचेना. मी आपलं जे दिसेल ते सांगत गेले. "भाऊजी, हिरवं आलं. निळं आलं. पाणी असावं. हां, ती काळी पट्टी. ती माझ्या अंगठ्याच्या बाजूला आहे."

"कोणत्या अंगठ्याच्या?"

"जो दुखतो त्या."

"डावा," मागून धाकटी नाकात बोलली. मी मागे वळणार तर भाऊजी म्हणाले, "वहिनी, समोर!" मी समोर. "पट्टी आली. मोठी झाली. अजून मोठी. भाऊजी, आता सगळी पट्टीच आहे." "पन्नास. वीस." एक धक्का, बारीकसा. चाकांचा आवाज, आणि थांबलो. इतकं सरळ विमान त्या दोघांनी मिळूनसुद्धा कधी उतरवलं नव्हतं. मला विचाराल तर सगळं श्रेय मलाच, पण भाऊजी म्हणतात त्या दिवशी वारा नव्हता.

मागे वळून बघते तर धाकटीने डोळे गच्च मिटलेले, दोन्ही हात शालीत. मी म्हटलं, "अगं, उतरलं!"

तिने एक डोळा उघडला. "उतरलं? मला तर काहीच दिसलं नाही."

"तुला कुठून दिसणार, मी बसलेय ना पुढे!"

ती माझ्याकडे बघत राहिली. माझ्या पाठीकडे, मग पडद्याकडे, मग परत माझ्याकडे. "ताई," ती म्हणाली, "तुम्हाला जमलं?"

"म्हणजे काय, जमलंच की."

"तुम्हाला? तुम्ही परवा जिना चढताना शेजारणीच्या दारात शिरलात!" ती शालीतून हात काढून नाक पुसायला लागली, आणि पुसता पुसता हसायला लागली, इतकी की खोकला आला. "अहो, तुम्ही आणि ताई मिळून उतरवता, आणि मी मागे डोळे मिटून जिवंत! मग ती शिकली-सवरलेली माणसं तर उतरवतीलच."

मला हा मान होता की अपमान, याचा मी अजून निकाल लावलेला नाही. पण भाऊजींनी भिंग काढलं, डोळा चोळला, आणि म्हणाले, "वहिनी, उद्या मी तिकिटाच्या कचेरीत जातोय." धाकटी नको म्हणाली नाही, आणि तिचं नको न म्हणणं म्हणजे काय, हे आम्हा दोघांना कळत होतं.

मग दुकान आवरणं सुरू झालं. सहा महिने तिकडे राहायचं ठरलं, आणि भाऊजींचं वय बघता सहा महिने बंद राहिलेलं दुकान पुन्हा उघडेल असं कोणालाच वाटत नव्हतं. त्यांनाही नाही. कपाटातली घड्याळं एकेक करून घरी पोचवली. शेवटी एक राहिलं.

धाकटी त्या काचेच्या दारातून आत गेली का, हे आधीच सांगून टाकते, उगाच तुमचा जीव टांगणीला नको. गेली. दार उघडलं तेव्हा तिने भाऊजींच्या सदऱ्याची बाही धरली, डोळे मिटले आणि पाय उचलला. पुढचं मला फोनवर कळलं. विमानात बसल्या बसल्या तिने पाणी देणाऱ्या बाईला विचारलं, "पुढे दोघं आहेत ना?" ती म्हणाली, आहेत. "भांडलेले नाहीत ना?" नाही म्हणे. मग झोपली. उतरल्यावर भाऊजींनी उठवलं.

पण माझ्या डोळ्यांसमोर आहे ते त्याच्या आधीचं, टॅक्सीतलं. मी निरोप द्यायला बरोबर होते. धाकटी अर्थातच पुढे, ड्रायव्हरच्या शेजारी, आणि ड्रायव्हर एव्हाना तिच्या सूचनांनी घामाघूम. विमानतळाच्या रस्त्याला लागायच्या आधी भाऊजी म्हणाले, "इथे डावीकडे घ्या. एक घड्याळ द्यायचंय."

"आत्ता?" धाकटी वळली. "अहो, विमान काय आपली वाट बघत उभं राहणार आहे?" विमान सुटेल म्हणून धाकटी घाई करतेय, हे ऐकायला मी इतकी वर्षं थांबले होते. मी मजा घेत बसले.

घर तळमजल्यावरचं. शाळेतून निवृत्त झालेल्या एक मास्तरीणबाई व्हरांड्यातच खुर्ची टाकून बसल्या होत्या. भाऊजींनी पायरीवर चपला काढल्या. खिशातून कापडात गुंडाळलेलं घड्याळ काढलं, आधी स्वतःच्या कानाला लावलं. मग बाईंच्या मनगटावर बांधलं, पट्ट्याखाली एक बोट घालून सैल-घट्ट बघितलं. टॅक्सीतून धाकटी ओरडली, "चला हो!" त्यांनी तिकडे न बघता एक बोट वर केलं. सेकंदाचा काटा बारावरून निघाला होता. तो तीनवर गेला, सहावर गेला, नऊवर गेला, आणि भाऊजी आपल्या मनगटाकडे आणि त्यांच्या मनगटाकडे आळीपाळीने बघत उभे राहिले. काटा बारावर आला.

"किल्ली सकाळी द्या," ते बाईंना म्हणाले, "रोज एकाच वेळी. आणि जोर लावू नका." मग पायरी उतरून त्यांनी चपला घातल्या.